‘गाव व परिसर’ : शीर्षकातल्या दुसऱ्या शब्दाचा हिशोब

पेट झाली, कोर्सवर्क सुरू झालं, की पुढचा घोर लागतो तो विषयाचा. आणि ग्रामीण भागातून आलेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणांचा पहिला विषय जवळपास ठरलेलाच असतो : आपलं गाव, नाहीतर मामाचं गाव. समजा तुम्ही गंगाखेड तालुक्यातले आहात. मग सिनॉप्सिसवर शीर्षक येतं, ‘राणीसावरगाव व परिसराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास’. ऐकायला बरं वाटतं, गाईडही मान डोलावतात. पण आरआरसीत एखाद्याने विचारलं की, ‘परिसर म्हणजे कुठपर्यंत?’, तर काय सांगणार? दहा किलोमीटर? पंधरा गावं? का पंधरा? वीस का नाहीत?

या लेखात मला त्या ‘व परिसर’वर टीका करायची आहे. शीर्षक लांबवायला जोडलेला हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नाही. गावाच्या अभ्यासाची जी नावाजलेली पुस्तकं आपण संदर्भयादीत टाकतो, ती नेमकी याच जागी जिंकलीत किंवा फसलीत. तीन उदाहरणं घेतो : एक आपलं, एक पुण्याजवळचं आणि एक थेट जावा बेटावरचं. मग राणीसावरगावला परत येऊ.

गावगाडा : कुणाच्या गावाचा?

मराठीत गावाचा अभ्यास म्हटलं की पहिलं नाव त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’चं. साल १९१५. आत्रे महसूल खात्यातले. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, अलुतेदार, त्यांचे हक्क, मानपान, सगळं त्यांनी आतून पाहिलेलं. शंभरावर वर्षं झाली तरी इतकी दाणेदार माहिती आणि इतकी सरस मराठी एका जागी मिळत नाही. ते वाचलंच पाहिजे, यात वाद नाही.

वाद आहे तो आपण ते वापरतो कसं यावर. मराठवाड्यातल्या गावावरचे किती प्रबंध असे आहेत, की ज्यांचं दुसरं प्रकरण म्हणजे ‘गावगाडा’चा सारांश! आत्र्यांसमोरचं गाव इंग्रजी अमलाखालच्या मुंबई इलाख्यातलं आहे, रयतवारीतलं आहे. १९१५ साली परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे जमिनीचा पहिला प्रश्न वेगळा असायचा : गाव दिवाणी की जहागिरीतलं? सर्फ-ए-खासचं, म्हणजे खुद्द निजामाच्या खासगी मुलखातलं, की पायगाहचं? वसूल कोण करणार आणि दाद कुणाकडे मागायची, हे त्यावर ठरायचं. जहागिरी गेल्या १९४९ मध्ये, कुळकायदा आला १९५० मध्ये. तेव्हा बलुतेदारांची नावं जुळली म्हणून गाव जुळलं, असं धरून चालत नाही.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. आत्र्यांच्या गावाच्या मध्यभागी कुणबी आहे आणि बाकीचे त्याच्यावर कमी-जास्त भार आहेत. सगळ्यात जास्त भार फिरस्त्यांचा. गावात येणारा, मागणारा, चार दिवस पाल टाकून जाणारा, हा त्यांच्या लेखी उपद्रव. याच लेखकाचं १९११ चं ‘गुन्हेगार जाती’ हे पुस्तकही शेजारी ठेवा, म्हणजे नजर कुठून येते ते कळेल. म्हणजे आत्र्यांच्या लेखी परिसरातून गावात येतो तो खर्च.

आता हीच नजर घेऊन गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यात या. इथून दिवाळीच्या आगेमागे ट्रक-ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊसतोडीला जातात. उसाच्या फडाशेजारी कोप्या घालून राहतात, हंगाम संपला की परततात. साखरपट्ट्यातल्या गावाच्या बाजूने पाहिलं तर हे कोण? पाल टाकून राहणारे, बाहेरचे, हंगामी. आत्र्यांच्या चौकटीत आपलीच माणसं फिरस्ते ठरतात! चौकट वापरण्याआधी तीत आपल्याला कुठे बसवलंय, एवढं तरी बघायला नको का?

पिंपळे सौदागर : पहिला घाव, दुसरं गाव

दुसरं उदाहरण हॅरॉल्ड मॅन यांचं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य, मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली, ती १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्थशास्त्र घेतलेल्यांनी यातले आकडे नक्की पाठ केलेत, फक्त कुठून आले ते ठाऊक नसतं : १७७१ साली सरासरी धारणा ४० एकर, १९१४-१५ मध्ये ७ एकर. १५६ जमीनमालक, ७२९ तुकडे, त्यातले ४६३ एकराहून लहान. जमिनीच्या तुकडीकरणावरचं प्रत्येक क्रमिक पुस्तक गेली कित्येक दशकं या एका गावावर गुजराण करत आलंय.

आकड्यांपेक्षा मला मॅन यांची मांडणी मोलाची वाटते. त्यांनी घरांची विभागणी केली ती अशी : नुसत्या शेतीवर भागणारी, शेतीला बाहेरच्या मजुरीची जोड दिली तरच भागणारी, आणि दोन्ही करूनही न भागणारी. हा मधला गट बघा. तो मान्य केला की गावाची शीव फुटली. घर गावात आहे, पण ते चालतंय बाहेरच्या मजुरीवर.

आणि इथेच टीकेला जागा आहे. पिंपळे सौदागर पुण्याच्या इतकं जवळ की बाहेरची मजुरी हाताशी होती. मग हे ‘दख्खनचं गाव’ कसं? ते तर शहराच्या सावलीतलं गाव. हा आक्षेप लक्षात घेऊन मॅन आणि ना. वि. कानिटकर यांनी शहरापासून लांबचं, कोरडवाहू जातेगाव बुद्रुक निवडलं आणि १९२१ मध्ये दुसरा अभ्यास काढला. मला हा भाग फार आवडतो. पहिल्या गावावर पानंच्या पानं खुलासे लिहीत बसण्यापेक्षा त्यांनी दुसरं गाव गाठलं. पिंपळे सौदागरात आज टॉवर उभे आहेत, ७२९ तुकड्यांचा मागमूसही नाही. पण दोन गावं शेजारी ठेवून प्रश्न तपासायची ती रीत अजून जुनी झालेली नाही.

तुमच्यासाठी यातून काय? ‘परिसर’ म्हणून राणीसावरगावाभोवतीची पंधरा गावं घेतलीत आणि ती सगळी एकसारखीच असली, तर एकच गाव पंधरा वेळा मोजल्यासारखं होतं. त्याऐवजी एक गाव डोंगरपट्ट्यातलं, हलक्या जमिनीचं, आणि एक गंगाकाठचं, काळ्या जमिनीचं घ्या. (बाहेरच्या वाचकांसाठी : आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.) दोनच गावं, पण मुद्दाम वेगळी. तुलना तिथे सुरू होते.

मोजोकुतो : एक गाव, अनेक परिसर

आता जावा. इंडोनेशियातलं उदाहरण कशाला, असं वाटेल. कारण साधं आहे : ऊस. शिवाय गाव आणि त्याभोवतीचा मुलूख यांवर इतकं काम एका ठिकाणी क्वचितच झालंय.

१९५३-५४ मध्ये अमेरिकेतून संशोधकांचा एक चमू पूर्व जावातल्या केदिरी भागात आला. गावाचं नाव त्यांनी बदलून ‘मोजोकुतो’ ठेवलं. खरं नाव पारे. लहानसं बाजाराचं गाव आणि भोवती खेडी, म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचं बाजाराचं मोठं गाव डोळ्यांसमोर आणा. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी तिथल्या धर्मजीवनावर लिहिलं (१९६०), हिल्ड्रेड गीर्ट्झ यांनी कुटुंबावर (१९६१), अ‍ॅलिस ड्यूई यांनी बाजारावर (१९६२), रॉबर्ट जे यांनी भोवतीच्या खेड्यांतल्या नातेसंबंधांवर (१९६९). गंमत बघा, जागा तीच, पण प्रत्येकाचा परिसर निराळा. बाजाराचा अभ्यास करणारीला माल जिथून येतो तिथपर्यंत जावं लागतं. नात्यागोत्याचा अभ्यास करणाऱ्याला गल्ली आणि शेजार पुरतो. कुणीही नकाशावर गोल काढून ‘हा परिसर’ म्हटलं नाही. प्रश्न जिथवर गेला तिथवर परिसर गेला.

हे चांगलं झालं. आता फसलं कुठे ते. गीर्ट्झ यांचं १९६३ चं पुस्तक शेतीच्या ‘आतल्या आत गुंतत जाण्या’बद्दल आहे. डचांनी १८३० पासून जावातल्या शेतकऱ्यांकडून सक्तीने निर्यातीची पिकं घ्यायला सुरुवात केली. ऊस तर भाताच्या ओलिताच्या खाचरांतच, आलटून-पालटून. गीर्ट्झ म्हणतात, ऊस आणि भात एकाच पाण्यावर वाढले, लोकसंख्याही वाढली. भातखाचर असं की जितके जास्त हात लावाल तितकं थोडं जास्त देतं. म्हणून वाढलेले सगळे हात त्याच खाचरांत मुरले, माणशी उत्पन्न मात्र जागच्या जागी राहिलं. आणि गावाने हे दारिद्र्य आपसात वाटून घेतलं.

मांडणी देखणी आहे, दोन दशकं तिचा दबदबा होता. पण पुरावा बघा. या पुस्तकाचा भार मोजोकुतोतल्या घरोघरच्या नोंदींवर नाही, तो बराचसा वसाहतकाळातल्या मोठ्या प्रदेशवार आकड्यांवर आहे : कुठे ऊस जास्त, कुठे भात जास्त, कुठे वस्ती दाट. प्रदेशाची सरासरी दाखवते की ऊस आणि दाट वस्ती सोबत आहेत. पण ‘दारिद्र्य वाटून घेतलं’ हे विधान आहे गावाच्या आतलं : कुणाकडे जमीन, कुणाकडे नाही, कापणीला कुणाला बोलावतात. सरासरीत हे दिसतच नाही. पुढे बेंजामिन व्हाइट, जेनिफर आणि पॉल अलेक्झांडर अशा अभ्यासकांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. जावातल्या खेड्यांत भूमिहीन होते, जमिनीची विषमता होती, आणि ‘आम्ही वाटून खातो’ ही भाषा पुष्कळदा ज्यांच्याकडे वाटण्यासारखं होतं त्यांची होती.

हा धडा मोठ्या अक्षरात वहीत लिहून ठेवा : परिसराचे आकडे घेऊन गावाच्या पोटातलं सांगू नका. तालुक्याची सरासरी गावाबद्दल बोलत नाही आणि गावाची सरासरी घराबद्दल बोलत नाही. गीर्ट्झसारखा माणूस इथे घसरला, तर आपण जिल्हा जनगणना पुस्तिका उघडून चार तक्ते उतरवताना किती जपायला हवं?

आता राणीसावरगाव

वरचे तिन्ही मुद्दे घेऊन गावात या. जावात ऊस शेतकऱ्याच्या दारात आला. इथे माणूस उसाच्या दारात जातो. म्हणून ‘परिसर’ हा शब्द इथे आणखीच अवघड होतो. सरकारी कागदावर गाव गंगाखेड तालुक्यात, परभणी जिल्ह्यात. पण तालुक्याच्या दक्षिणेला लातूर जिल्ह्याची हद्द, पश्चिमेला बीडची. सोयरिकी हद्द विचारून होत नाहीत. गावच्या रेणुकादेवीच्या दर्शनाला येणारा तालुका बघून येत नाही. दवाखान्याला, शिक्षणाला, बाजाराला लोक कुठे जातात ते वेगवेगळं निघेल. आणि कोयत्याचा परिसर तर पश्चिम महाराष्ट्रापर्यंत आणि पार कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत पसरलेला.

कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, हे वेगळं सांगायला नको. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्यामागे मिळते, करार मुकादमाशी होतो, आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. तुमच्या प्रश्नावलीत ‘कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय’ असा एकच रकाना असेल, तर त्या जोडीतली बाई तिथेच गळाली. उत्तर ‘शेती’ असं येईल आणि ते खोटंही नसेल. जून ते दिवाळी तो शेतकरीच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. २०११ च्या जनगणनेत माणसं मोजली गेली ९ ते २८ फेब्रुवारी या काळात. नियम असा की जो माणूस या सबंध काळात घरी नसेल, त्याची नोंद घरी करायची नाही, तो जिथे सापडेल तिथे करायची. फेब्रुवारी हा ऐन तोडीचा महिना. म्हणजे नियम काटेकोर पाळला असेल तर कोयत्यावर गेलेली माणसं राणीसावरगावच्या आकड्यात नाहीत, ती कुठल्यातरी कारखान्याच्या शिवारात मोजली गेली. नियम सैल पाळला असेल, शेजाऱ्याने ‘येतील की आठ-पंधरा दिवसांत’ म्हणून नावं सांगितली असतील, तर आहेत. पुस्तिकेतला आकडा यातला कोणता, ते तो आकडा स्वतः सांगत नाही. आणि पुढची जनगणनाही फेब्रुवारी २०२७ मध्येच जाहीर झाली आहे, १ मार्च ही संदर्भतारीख धरून. म्हणजे पुन्हा तोच महिना.

याचा परिणाम नुसत्या लोकसंख्येवर थांबत नाही. स्त्री-पुरुष प्रमाण, साक्षरता, काम करणाऱ्यांची वर्गवारी, सगळीकडे तो झिरपतो. घरी उरतात ती म्हातारी माणसं आणि काही मुलं. त्यांचं गाव मोजून आपण ‘राणीसावरगावची सामाजिक-आर्थिक स्थिती’ असं प्रकरण लिहिणार? आणि त्या आकड्यांवर कुणी शाळेच्या तुकड्या, दवाखान्याचे खाट ठरवणार? इथे चूक झाली तर मार्क जातील ते तुमचे, पण किंमत मोजतील ते दुसरेच.

मग करायचं काय?

पहिलं, आकड्याला जोडीदार शोधा. ग्रामपंचायतीकडची ऊसतोड कामगारांची नोंदणी, शाळेचा हजेरीपट, हंगामी वसतिगृहाची यादी, रेशनच्या नोंदी. एकही कागद परिपूर्ण नाही, पण शाळेच्या पटावरचं मूल नोव्हेंबर ते मार्च सलग गैरहजर असेल तर ते घर कुठे गेलं हे कळतं. चार अर्धवट कागद एकमेकांशी भांडायला लागले की अभ्यास सुरू झाला, असं समजा.

दुसरं, गावात दोनदा जा. एकदा दसऱ्याच्या सुमारास, उचल वाटली जाते तेव्हा. दुसऱ्यांदा पाडव्यानंतर, माणसं परतल्यावर. आणि जमलं तर मधे एकदा फडावर. कॉलेजच्या उन्हाळी सुट्टीत एकदाच जाऊन शंभर प्रश्नावल्या भरून आणल्या, तर पाहिलं ते एका ऋतूतलं गाव.

तिसरं, जुन्या कागदांचा परिसर विसरू नका. १९४८ च्या आधीचं बघायचं असेल तर मुंबई-पुण्याच्या दप्तरखान्यात फार काही हाती लागणार नाही. ते हैदराबादला आहे, आणि पुष्कळसं उर्दू-फारसीत, मोडीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीलाही हैदराबाद गाठावं लागलं, हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल. त्या वादात तुमची बाजू कोणतीही असो, एवढं तर दिसलं की मराठवाड्यातल्या गावाचा एक परिसर आज दुसऱ्या राज्यात आहे. मोडी शिकायला काही महिने द्यावे लागतात. ते द्यायची तयारी नसेल तर ‘ऐतिहासिक पार्श्वभूमी’ हे प्रकरण काढून टाका, उसनं आणून भरू नका.

चौथं, नावाचा विचार करा. मोजोकुतो हे खोटं नाव होतं, तरी पारे कोणतं ते जगाला कळलं. तुम्ही तर शीर्षकातच गावाचं खरं नाव घालताय. मग ‘एका मुकादमाने सांगितलं’ असं लिहिलंत की गावात ओळखायला अर्धा दिवस पुरे. प्रबंध उद्या शोधगंगेवर जाईल, मोबाइलवर कुणीही उघडेल. उचलीची बाकी, कुणाशी भांडण, कुठल्या बाईने काय सोसलं, हे लिहिताना सांगणाऱ्याचं पुढच्या हंगामात काय होईल, हा विचार आधी करा. तालुका खरा ठेवून गावाचं नाव बदलता येतं. गाव खरं ठेवून माणसांचे तपशील गाळता येतात. कोणता मार्ग घेतला ते पहिल्याच प्रकरणात सांगून टाका.

आणि शेवटी शीर्षक. माझा सल्ला : ‘व परिसर’ खोडा. त्या जागी प्रश्न लिहा. ‘राणीसावरगावातून जाणारे कोयते : उचल, मुकादम आणि मागे राहणारी घरं.’ आता परिसर कुठपर्यंत, असं आरआरसीत विचारलं तर उत्तर तयार आहे : उचल जिथून येते तिथपासून कोयता जिथे थांबतो तिथपर्यंत. किलोमीटर नाही सांगता आले तरी चालतील.